खारीत दिसेल ते

मला एका जागी बसवत नाही. अम्मी म्हणते, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. बहुधा म्हणूनच हे काम मला लाभलं. एखाद्या जमिनीवर इमारती उभ्या राहायच्या असल्या, की आधी तिथे कोणती झाडं आहेत, कोणते पक्षी येतात, चिखलात काय काय जगतं, हे वर्षभर फिरून पाहायचं आणि लिहायचं. पैसे बिल्डर देतो, अहवाल सरकारी कमिटीपुढे जातो, मग परवानगी मिळते किंवा मिळत नाही. बहुतेक वेळा मिळतेच. आमच्या पनवेलच्या मोहल्ल्यात माझं नाव शाजिया आहे हे लोक विसरलेत, मला 'चिखलवाली' म्हणतात. स्थळं घेऊन येणाऱ्या बायकांना अम्मी हल्ली माझे गमबूटच दाखवते, म्हणजे बोलणं लवकर आटोपतं.

कोळखारला मी पहिल्यांदा गेले ती २०१३च्या जानेवारीत. उरणकडे जाताना खाडीला टेकलेलं गाव. विमानतळ येणार, येणार म्हणून तिथल्या दगडधोंड्यालाही भाव आला होता. एका बिल्डरला खाडीकाठची सगळी पट्टी हवी होती, आणि त्या पट्टीच्या मधोमध तुळशीरामबाबाची खार होती.

खार म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेलं भातशेत. बाहेरून मातीचा लांबलचक बांध घालायचा, बांधाला एक उघाडी ठेवायची. उघाडीला लाकडी झडप असते. भरतीचं पाणी आलं की झडप त्याच्याच जोराने बंद होते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. समुद्र बाहेर, भात आत. पण २००५च्या महापुरात त्या बांधाला भलीमोठी खांड पडली, आणि ती बुजवायला कुणी गेलं नाही. गावातली निम्मी घरं तोवर कामोठ्याच्या फ्लॅटांत राहायला गेली होती. खारं पाणी रोज शेतात येऊ-जाऊ लागलं, आणि पाण्याबरोबर तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, बिया आल्या. मी गेले तेव्हा शेतात माझ्या खांद्याएवढी तिवरं उभी होती, आणि तिवर तोडायला कायद्याने सक्त बंदी.

मला तर आनंदाचं भरतं आलं होतं. निवट्या, चिखलातले ते मासे, उड्या मारत होत्या, खेकडे होते, खंड्या तर डोक्यावरूनच गेला. मी वहीत भराभरा खुणा करत होते आणि मागून कुणीतरी म्हणालं, "माज्या शेताला काय बघतंस एवरी हसून?"

हा तुळशीरामबाबा. सत्तरीचा, काळा, काटक, कमरेला लंगोटीवजा फडकं आणि डोक्यावर कानटोपी. मी सांगितलं, सर्व्हे करते. तो म्हणाला, "कर बाय. झारा मोज, खेकरे मोज. आमचा भात कोनी मोजला नाय."

मी त्याच्या घरी जेवले. पुढे प्रत्येक फेरीला जेवले. त्याची बायको वेणूआय चिरनेरची, जंगलावरून सरकारशी भांडलेल्या गावची, त्यामुळे मला सरकारी समजून पहिल्या दिवशी ती माझ्याशी बोललीच नाही. निवट्यांचं कालवण मात्र ताटात वाढलं. मी दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा हसली. "मुसलमानाची पोर, पन खाते आगऱ्यासारकी," ती म्हणाली. त्यानंतर मी घरची झाले.

जमीन अर्धी-अधिक विकल्यात जमा होती. बिल्डरचा माणूस हितेश याने गावातल्या सगळ्यांशी करार केले होते. अहवालात जमीन मोकळी निघाली तर विक्री पक्की, तिवराची निघाली तर करार रद्द. तुळशीरामबाबानेही सही केली होती. मुलगा भगवान मागे लागला होता, आणि म्हाताऱ्याचा हिशेब सरळ होता. "खाऱ्या पान्यान बुरलेली जमीन कोन खुला मानूस घेल? केली सही. पोराच्या जिवाला बरा वाटला."

मे महिन्यात मी पुन्हा गेले आणि बांधावर चढताच थबकले. खांड बुजली होती. ताजी माती, वर दगडांचं अस्तर, उघाडीला सागवानी झडप नवी कोरी. आत तिवरं पिवळी पडून उभी होती. भरतीचं पाणी तोडलं की तिवर तहानेने मरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तुळशीरामबाबा धावतच आला. इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"हाक आली, बाय! बांधाची हाक आली!"

त्यांच्याकडे रीत अशी, की बांधाला खांड पडली की गावात हाक फिरते आणि घरटी एक माणूस टोपली-फावडं घेऊन निघतो. भांडण असो, सुतक असो, लग्नाची हळद असो. का, कशाला, कुणी विचारत नाही, कारण विचारीपर्यंत भरती येते. या वेळी हाक फिरली तेव्हा कामोठ्याहून रिक्षा भरभरून माणसं आली. ज्यांनी वर्षानुवर्षं चिखलाला पाय लावला नव्हता ते बर्म्युडा घालून बांधावर उतरले. जेसीबीही होता. गावातला सगळ्यात म्हातारा म्हणून नारळ तुळशीरामबाबाने फोडला. सांगताना त्याचे डोळे भरून आले.

"तिवराला कोयता नाय लावला हा," तो मला घाईने म्हणाला. "काडी पन तोरली नाय कोनी. तुजा कायदा पालला."

मी विचारलं, "जेसीबी कुणी आणला?"

"गावान. अजून कोन आननार?"

मागे भगवान उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मला तिथल्या तिथे कळलं, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की हा बांध भातासाठी नाही, तिवरं मारायला बांधलाय. जमीन मोकळी दिसायला. म्हाताऱ्याला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याने विचारलंही नव्हतं, कारण हाक आल्यावर विचारायची रीत नाही.

बोलावं असं वाटलं. पण तो मला मोड आणायला राखून ठेवलेलं तांबडं बियाणं दाखवायला घेऊन चालला होता, कुठल्याशा मडक्यात बहिणीकडून मागून आणलेलं. "एकदा ह्या खारीचा तांदूल घरात शिजला पायजे, बाय. मंग मेलो तरी चालल." मी जीभ चावली आणि स्कूटी काढून पळाले.

पावसाळा मी दुसऱ्या साइटवर काढला, कर्जतकडे. सप्टेंबरच्या शेवटी कोळखारला आले तेव्हा खार हिरवीगार होती. तिवरांची वाळकी खुंटं मधेमधे उभी, आणि त्यांच्या भोवती कमरेएवढं भात, लोंब्या बाहेर पडलेल्या. पावसाने जमिनीचं मीठ धुऊन नेलं होतं. म्हाताऱ्याने आणि वेणूआयने दोघांनीच मोड आलेलं भात चिखलात फेकलं होतं. शेजारच्या सगळ्या खारी ओसाड. गावाला भात नकोच होतं.

त्याच दिवशी आमच्या ऑफिसातून धर्मराज सरांचा फोन आला. सर वाईट माणूस नाहीत. कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून ते भिंतीलाच चिकटून चालतात, इतकंच. "शाजिया, अमावास्येनंतरच्या गुरुवारी कमिटी साइटवर येणार. अहवाल त्याआधी हवा. आता साइटवर काय दिसतंय?"

"भात," मी म्हणाले.

"मग भात लिही. जे दिसतंय तेच लिहायचं ना आपण? जानेवारीचा हंगाम धरायलाच हवा असं नाही, नियमाला एक हंगाम पुरतो."

खोटं काही नव्हतं त्यात. हेच मला जास्त झोंबलं. फोन ठेवला आणि मी वळले तर तुळशीरामबाबा मागे उभा. "कंदी कापायचा बोलतंस? दसऱ्यानंतर होल. आजून दूध हाय दान्यात," तो लोंबी चुरत म्हणाला.

आणि माझा तोल गेला. माझा राग नेहमी चुकीच्या माणसावर निघतो. "कापायचं काय घेऊन बसलात, बाबा? कुणासाठी कापणार? हा बांध भातासाठी बांधलाच नाही. जेसीबी हितेशने आणला. तिवरं मरावीत म्हणून बांधला, म्हणजे मी लिहावं की जमीन मोकळी आहे, म्हणजे तुमचा करार पक्का. भात दिसलं की जमीन गेली. सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हीच तेवढे नारळ फोडत बसलात!"

बोलून झाल्यावर मला माझी जीभ हासडावीशी वाटली. वेणूआय पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

म्हाताऱ्याने हातातली लोंबी बांधावर ठेवली. त्याने भगवानचं नाव घेतलं नाही, हितेशला शिवी दिली नाही. मग म्हणाला, "आनि तिवर लिवलास तर?"

"तर करार रद्द. जमीन तुमची राहील. पण तिवरासाठी खारं पाणी पुन्हा आत सोडावं लागेल."

"मंजे भात लिवलास तं जमीन जाते, नि तिवर लिवलास तं भात जातो."

"हो."

"मंग तू काय लिवशील?"

त्याने ते भांडून विचारलं नाही. पाहुण्याला चहा घेणार का विचारावं, तसं विचारलं. आणि मी, गमबूट घातलेली, एमएस्सी झालेली, कुणाच्या बापाला न भिणारी मी, सरांचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. "जे दिसेल ते लिहीन, बाबा. माझं काम तेवढंच आहे."

त्याने मान डोलावली. वेणूआय म्हणाली, "जेवून जा." मी जेवले नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले मला विचारू नका. घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. स्कूटी काढायची, नवीन पनवेलपर्यंत जायचं, काही काम नाही म्हणून परत यायचं. अब्बांच्या दुकानात जाऊन बसले तर गिऱ्हाइकाला मीच उत्तरं द्यायला लागले. अब्बा, म्हणजे मुश्ताकभाई रंगवाले, म्हणाले, "बेटा, तू घरी जा, माझं गिऱ्हाईक पळतंय." अहवाल उघडायचे, 'भातशेती' लिहायचे, खोडायचे. 'तिवर' लिहायचे, खोडायचे. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीत म्हातारा नागवला जात होता. मला सारखं वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी लिहावं. मी आजारी पडावं. कमिटीचा दौरा रद्द व्हावा.

शेवटी अम्मी वैतागली. मी बावर्चीखान्यात तिच्या पायात पायात करत होते आणि सगळं सांगत होते. ती भाकरी थापत होती. "तू जानेवारीत काय पाहिलंस?" तिने विचारलं.

"तिवर."

"ते कुणी मारलं हे पाहिलंस?"

"हो."

"मग तेही दिसलंच की तुला. दिसलेलं सगळं लिही, अर्धं का लिहितेस? आणि बाजूला हो, तवा तापलाय."

इतकं साधं होतं. मी उठून टेबलाशी बसले आणि हलले नाही, हे नमूद करण्यासारखं आहे. जानेवारीची तिवरं लिहिली, मे महिन्यातला बांध लिहिला, पाणी तोडल्याचं लिहिलं, सप्टेंबरातली वाळकी खुंटं लिहिली, त्यांच्यातलं भात लिहिलं. जमीन तिवराची आहे, मोकळी नाही, असा निष्कर्ष लिहिला. आणि लिहिता लिहिता जे डोक्यात यायला हवं होतं ते आलं. कमिटी आधी हे वाचणार, मग विचार करणार, मग उघाडी उघडायचा हुकूम निघणार, तो कलेक्टर कचेरीतून खाली येणार. सरकारी कागद हलायला महिने लागतात. तोवर म्हाताऱ्याचं भात कापून, झोडून, घरात येईल. जमीनही राहील आणि एकदा तांदूळही शिजेल. मी खुर्चीतच टाळी वाजवली. सर्वपित्रीच्या सकाळी अहवाल सही करून पाठवला, सरांना, कमिटीला, दोघांनाही, म्हणजे मधे कुणाला कात्री चालवता येऊ नये.

फोन करता येण्यासारखा नव्हता. म्हाताऱ्याकडे मोबाइल नाही, आणि भगवानच्या फोनवर हे सांगणं शक्य नव्हतं. पनवेलच्या बाजारातून वेणूआयसाठी जिलेबी घेतली, स्कूटीच्या हुकाला अडकवली आणि निघाले. वाटेत धर्मराज सरांचे फोनवर फोन येत होते. मी उचलला नाही. चिखलवालीची नोकरी गेली असणार हे मला कळलं होतं आणि तरी मी गात होते.

कोळखारच्या बांधावर चढले तेव्हा अमावास्येचं उधाण भरात आलं होतं. बाहेर खाडी काठोकाठ होती. आणि आतही.

आधी मला समजलंच नाही. वाटलं, बांध पुन्हा फुटला. बांधावरून धावत उघाडीपाशी गेले. बांध धड होता. नव्या कोऱ्या झडपेत एक जाडजूड ओंडका अडकवलेला होता, काथ्याने पक्का आवळून, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी खाडी आत येत होती. भात लोंब्यांपर्यंत पाण्यात गेलं होतं. खालची पानं कधीच मऊ पडून आडवी झाली होती, म्हणजे पहिली भरती कालच शिरली होती. वाळक्या खुंटांवर बगळे येऊन बसले होते.

तुळशीरामबाबा उघाडीच्या दगडावर बसला होता. अंग चिखलाने माखलेलं, हात काथ्याने सोललेले. वेणूआय कडेला गुडघाभर पाण्यात उभी राहून, जे अजून वर होतं तेवढं विळ्याने कापत होती.

"बाबा," मी म्हणाले. "बाबा, हे काय केलंत?"

त्याने वर पाहिलं. तो रागावलेला नव्हता. दमलेला होता, आणि थोडासा खूशही होता, कठीण काम एकट्याने उरकल्यावर माणूस असतो तसा.

"तूच बोल्लीवतीस ना, दिसल ते लिवीन," तो म्हणाला. "बघ आता. दिसतंय ना तिवराचा पानी? लिव."

मी तोंड उघडलं. पिशवीत अहवालाची प्रत होती. सही केलेली, पाठवलेली. फक्त एक दिवस आधी आले असते, जेवून जा म्हटल्यावर जेवले असते, चार दिवस रस्त्यांवर भिंगरीसारखी फिरण्याऐवजी एकदा इकडे फिरले असते, तर.

"रातभर येकच बोलत व्हता," वेणूआय न वळता म्हणाली. "पोरीला खोटा लिवायला लागू नये. नि खरा लिवून तिची नोकरी पन जाऊ नये. आपल्यापाई तिच्यावर बिलामत कशाला? जे हाय ते आपनच दाकवू, बोल्ला."

फोन पुन्हा वाजायला लागला. मी तो बंद केला.

सांगावं, की बाबा, याची गरज नव्हती? मी आधीच लिहिलं होतं? त्याने भात घालवून जमीन वाचवली होती, असं त्याला वाटत होतं, आणि वर मलाही वाचवलं होतं. त्याच्या हातात तेवढंच उरलं होतं. ते मी काढून घेऊ शकले नाही. मला मोठ्याने रडायचं होतं, आणि मी म्हणाले, "दिसतंय, बाबा. लिहिते."

"बेस," तो म्हणाला. "नि जिलेबी कशाला आनलीस? आज पितरांचा दिस, त्यांना ठेवू थोरी. बांध त्यांनीच घातलावता."

वेणूआयने दुसरा विळा माझ्याकडे फेकला. "उबी काय रावलीस? ये, वरचा वरचा कापू. कोंबऱ्यांना तरी होल."

मी गमबूट काढले आणि पाण्यात उतरले. पाणी गार होतं आणि पायाला मीठ झोंबत होतं. एक मूठ कापली, दुसरी कापली. मग न राहवून एक लोंबी चुरली आणि दाणा दाताखाली धरला. आत अजून दूधच होतं.